आधी जँगो, मग पायथन

वेब फ्रेमवर्क, म्हणजे संकेतस्थळ उभारण्याचा तयार सांगाडा, हाती घेण्याआधी प्रोग्रामिंगचा पाया पक्का करावा की थेट फ्रेमवर्कपासूनच सुरुवात करावी, असे मला कोणी विचारले की मी कऱ्हाड तालुक्यातील एका वाचनालयाची हकिकत सांगू लागतो. या प्रश्नाचे जे काही उत्तर माझ्यापाशी आहे ते मला त्या वाचनालयाच्या देवघेव खिडकीवर, आणि बरेचसे इतरांना त्रास देऊन, मिळालेले आहे. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. २०२१ मध्ये पदवी हाती आली, तेव्हा हिशेबनीस होण्यापेक्षा संगणकाच्या क्षेत्रात शिरावे असे मनाने घेतले आणि मी पुण्यातील एका खासगी क्लासमध्ये तीन महिन्यांच्या अभ्यासक्रमाला नाव घातले. त्या अभ्यासक्रमात पायथन या भाषेला आठ दिवस होते आणि उरलेले सगळे दिवस जँगो या फ्रेमवर्कला होते.

त्या आठ दिवसांत व्हेरिएबल, लिस्ट, डिक्शनरी, फॉर आणि इफ एवढे झाले, फंक्शन घाईघाईने उरकले आणि क्लास म्हणजे काय ते ‘पुढे कळेल’ या आश्वासनावर सोडून दिले. नवव्या दिवशी आम्ही एक आज्ञा टंकली आणि प्रकल्पाची तयार फोल्डरे समोर आली. आधी मॉडेल (माहितीची रचना) लिहायचे, मग व्ह्यू (विनंतीला उत्तर देणारा कोड), मग टेम्प्लेट (पानाचा साचा), आणि यूआरएलच्या फाइलमध्ये त्याची नोंद करायची, हा क्रम आम्ही पाढ्यासारखा पाठ केला. चार ओळी लिहिल्या की माहिती भरण्याचे, दुरुस्त करण्याचे आणि पुसण्याचे पडदे आपोआप तयार करून देणारे जँगोचे ॲडमिन पहिल्यांदा पाहिले, त्या दिवशी आपण प्रोग्रामर झालो अशी माझी खात्री पटली. त्या आनंदाला मी आजही खोटा म्हणणार नाही, कारण तो नसता तर मी तिसऱ्या आठवड्यातच गावी परतलो असतो. मात्र चूक आली की पडद्यावर उमटणाऱ्या लांबलचक मजकुरातील फक्त शेवटची ओळ उचलायची, ती शोधयंत्रात टाकायची आणि पहिले उत्तर जसेच्या तसे चिकटवायचे, ही सवयही त्याच काळात लागली.

क्लास संपून दोन महिने झाले होते, तेव्हा आमच्या भागातील एका वाचनालयाने मला देवघेवीची प्रणाली करून देशील का असे विचारले. अठरा हजारांच्या आसपास पुस्तके, सहाशेच्या घरात वर्गणीदार आणि रविवारी सकाळी गर्दी होते म्हणून दोन खिडक्या, असा त्यांचा व्याप होता. दाखल नोंदवही, अनामत, मासिक वर्गणी आणि उशिराचा दंड हे सगळे संगणकावर यावे, एवढीच त्यांची अपेक्षा होती. ग्रंथपाल बाईंनी पहिल्याच बैठकीत मला दाखल क्रमांक म्हणजे काय ते समजावून सांगितले: एकाच कादंबरीच्या तीन प्रती असतील तर पुस्तक एक, पण दाखल क्रमांक तीन, कारण वाचक पुस्तक नेत नाही, प्रत नेतो. हा भेद त्यांनी सांगितला नसता तर माझी मॉडेलेच चुकली असती. माहितीची रचना कशी करावी याचा माझा पहिला खरा धडा असा क्लासबाहेर, संगणकाशी फारसा संबंध नसलेल्या एका व्यक्तीकडून मिळाला.

दीड महिन्यात प्रणाली उभी राहिली आणि सुरुवातीचे काही आठवडे ती चांगली चालली. मग एका रविवारी एका निवृत्त शिक्षकांनी आपली पावती खिडकीवर परत आणून दिली. त्यांच्या नावावर चार पुस्तके दिसत होती, त्यांतली दोन त्यांनी नेली होती, आणि उरलेल्या दोनांपैकी एक पुस्तक लोणच्या-मुरंब्यांचे होते. बाईंना वाटले की नोंद करताना कोणाचे तरी चुकले असेल. त्यांनी पान पुन्हा उघडले, तेव्हा दोनच पुस्तके दिसली. तिसऱ्यांदा उघडले, तेव्हा पाच दिसली.

मी घरी बसून तेच पान शंभर वेळा उघडले, पण माझ्या लॅपटॉपवर एकदाही चूक दिसली नाही. सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला की वाचनालयातही सगळे ठीक होते, एवढे मात्र लक्षात आले. तेव्हा मी काय केले ते सांगायला आज संकोच वाटतो, पण या प्रश्नाचा गाभा त्यातच आहे म्हणून सांगतो: सर्व्हर रोज पहाटे आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होईल अशी व्यवस्था मी केली आणि दोष दूर झाल्याचे बाईंना कळवले. तीन आठवडे तसेच गेले. सकाळच्या पावत्या बरोबर येत आणि संध्याकाळकडे त्यांत दुसऱ्यांची पुस्तके शिरू लागत. बाई गुपचूप प्रत्येक पावती जुन्या वहीशी ताडून पाहत होत्या, हे मला नंतर कळले.

शेवटी माझ्या मावशीच्या ओळखीचे एक गृहस्थ, जे पुण्यात कित्येक वर्षे सी प्लस प्लस या भाषेत यंत्रांची नियंत्रणप्रणाली लिहीत होते, एका सुटीत आमच्याकडे आले असताना मी त्यांना तो कोड दाखवला. जँगोचे नाव त्यांनी ऐकले होते, पण काम कधी केले नव्हते. मॉडेल कुठे, व्ह्यू कुठे हे मलाच त्यांना दाखवावे लागले. वाचकाची पुस्तके गोळा करणाऱ्या फंक्शनवर त्यांचे बोट थांबले आणि त्यांनी विचारले, “ही यादी जन्माला कधी येते, आणि मरते कधी?”

मला प्रश्नच कळला नाही. यादी जन्माला येते आणि मरते, असा विचार मी कधी केला नव्हता. त्या फंक्शनला मी एक ऐच्छिक आर्ग्युमेंट, म्हणजे बाहेरून देता येणारे मूल्य, दिले होते आणि त्याचे मूळ मूल्य रिकामी लिस्ट असे लिहिले होते, कारण एका उत्तरात तसे पाहिले होते. फंक्शन बोलावले की दर वेळी नवी रिकामी लिस्ट मिळेल असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात पायथन ते मूळ मूल्य फंक्शनची व्याख्या वाचताना एकदाच तयार करतो आणि पुढच्या प्रत्येक वेळी तीच लिस्ट वापरतो. म्हणजे सकाळी पहिल्या वाचकाची पुस्तके तिच्यात पडत, दुसऱ्याची त्यांच्यावर साचत, आणि सर्व्हरची प्रक्रिया बंद होईपर्यंत ती लिस्ट कधी रिकामी होतच नसे. माझ्या लॅपटॉपवर चूक का दिसत नव्हती, याचाही उलगडा झाला. विकासाच्या वेळी वापरायचा जँगोचा सर्व्हर कोडमध्ये बदल केला की स्वतःला पुन्हा सुरू करतो, त्यामुळे माझी लिस्ट दर काही मिनिटांनी नव्याने जन्मत होती. शिवाय मी एकाच काल्पनिक वाचकावर चाचणी घेत होतो आणि त्याच्या नावावर एकही पुस्तक चढवलेले नव्हते. वाचनालयाच्या सर्व्हरवर मात्र गुनिकॉर्न हा जँगो चालवणारा प्रोग्राम तीन स्वतंत्र प्रक्रिया चालवत होता. प्रत्येकीची लिस्ट वेगळी, आणि विनंती कोणत्या प्रक्रियेकडे जाईल ते सांगता येत नसे, म्हणून एकच पान कधी दोन पुस्तके दाखवी, कधी पाच.

पायथनच्या अधिकृत पाठमालेत, चौथ्या प्रकरणात, ही गोष्ट ‘महत्त्वाची सूचना’ म्हणून ठळकपणे दिलेली आहे. मी ती पाठमाला कधी उघडलीच नव्हती. जँगो येत असलेल्या मला तीन आठवड्यांत जे सापडले नाही, ते जँगो न येणाऱ्या माणसाला पंधरा मिनिटांत सापडले. त्या दिवशी मला लाज वाटलीच, पण त्याहून जास्त कुतूहल वाटले. त्यांच्याकडे असे काय होते जे माझ्याकडे नव्हते? वाक्यरचना तर मला त्यांच्यापेक्षा जास्त येत होती.

पाया पक्का करायचा असे ठरवून मी आधी चुकीच्या दिशेने निघालो. लोक सांगतात म्हणून डेटा स्ट्रक्चर आणि अल्गोरिदमचा एक अभ्यासक्रम विकत घेतला आणि लिंक्ड लिस्ट उलटी कशी करावी, सॉर्टिंगचे सहा प्रकार कोणते, हे पाच आठवडे गिरवले. त्यातल्या एकाही गोष्टीचा धागा मला वाचनालयाशी जोडता येईना आणि मी ते सोडून दिले. याच सुमारास माझ्या एका मित्राची उलटी हकिकत ऐकली. तो अभियांत्रिकीचा पदवीधर. महाविद्यालयात टर्बो सीच्या निळ्या पडद्यावर त्याने दोन वर्षे ताऱ्यांचे त्रिकोण छापले होते, अविभाज्य संख्या शोधल्या होत्या आणि पॉइंटरचे प्रश्न परीक्षेत सोडवले होते. नोकरीत त्याच्यासमोर जँगो आले तेव्हा तोही माझ्याइतकाच गोंधळला, कारण ब्राउझर आणि सर्व्हर एकमेकांशी काय बोलतात हे त्याला त्या दोन वर्षांत कोणी सांगितलेच नव्हते. ‘पाया’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो असे मला तेव्हापासून वाटते. कोणत्या इमारतीचा पाया, हे विचारल्याशिवाय त्या शब्दाला अर्थ नाही.

म्हणून मी दुसरा मार्ग धरला: तेच वाचनालय जँगोशिवाय पुन्हा बांधायचे. कोणाला वापरायला देण्यासाठी नव्हे, तर जँगो माझ्यासाठी काय काय करत होता ते एकेक करून स्वतःच्या हाताने करून पाहण्यासाठी. रोज पहाटे दोन तास, असे सुमारे चार महिने हे चालले.

पहिल्या टप्प्यात मी देवघेव साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवली. एका ओळीत दाखल क्रमांक, वर्गणीदार क्रमांक, दिल्याची तारीख आणि परतीची तारीख. फाइल वाचायची, ओळ तोडायची, डिक्शनरीत भरायची, बदल करायचा आणि पुन्हा लिहायची. यातून फंक्शनला दिलेली वस्तू आणि तिची प्रत यांतला फरक समजला आणि नाव म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूला लावलेली चिठ्ठी आहे, हे कळले. एकाच लिस्टला दोन नावे असू शकतात, हे एकदा कागदावर बाण काढून पाहिल्यावर जन्ममरणाचा तो प्रश्न पुन्हा कधी परका वाटला नाही. चूक आली की उमटणारा मजकूर शेवटच्या ओळीपासून वर वाचत जायचे आणि आपण स्वतः लिहिलेल्या फाइलचे नाव कुठे येते ते पाहायचे, ही सवयही याच टप्प्यात लागली. जँगोमध्ये त्या मजकुराच्या चाळीस ओळींपैकी पस्तीस फ्रेमवर्कच्या असतात आणि नवख्याला सगळ्या सारख्याच दिसतात. इथे सगळ्याच ओळी माझ्या होत्या, त्यामुळे दुसऱ्यावर ढकलायला जागा नव्हती.

दंडाचे कोडेही याच काळात सुटले. वाचनालयाचा नियम जुना होता: उशिराच्या प्रत्येक दिवसाला दहा पैसे. दहा पैशांचे नाणे व्यवहारातून गेल्यावर त्यांनी दंड खात्यावर साठवायचा आणि रुपया पूर्ण झाला की वसूल करायचा अशी सोय काढली होती. मी रोज रात्री दंडात ०.१ मिळवणारी आज्ञा लिहिली होती आणि रक्कम एक किंवा त्याहून जास्त झाली की वसुलीचे बटण दिसे. बाईंची तक्रार अशी होती की दहा दिवस झाले, पडद्यावर १.०० दिसते, पण बटण येत नाही. ते अकराव्या दिवशी येते. क्लासमध्ये शिकलेल्या कोणत्याही गोष्टीत याचे उत्तर नव्हते. संगणक अपूर्णांक द्विमान पद्धतीत साठवतो आणि त्या पद्धतीत ०.१ ही संख्या नेमकी लिहिता येत नाही, जशी दशमान पद्धतीत एक तृतीयांश ही संख्या नेमकी लिहिता येत नाही. म्हणून पायथनमध्ये ०.१ दहा वेळा मिळवले की १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ येते. पडद्यावर दोन दशांश स्थळांपर्यंत दाखवताना तो रुपया होत होता आणि तुलनेत तो रुपयाला किंचित कमी पडत होता. जँगोमध्ये पैशांसाठी दशमान पद्धतीने नेमकी रक्कम ठेवणारे डेसिमल फील्ड आहे आणि मी द्विमान अपूर्णांक ठेवणारे फ्लोट फील्ड निवडले होते. दोन्ही पर्याय यादीत शेजारीशेजारी होते, पण निवडायचे कशावरून हे मला ठाऊक नव्हते. मी शेवटी सगळ्या रकमा पैशांत, पूर्णांकात ठेवल्या. आमच्या वाणिज्य शाखेतल्या माणसाला हे आधी सुचायला हवे होते, हा भाग वेगळा.

दुसरा टप्पा एसक्यूएलचा, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारण्याच्या भाषेचा. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसचा पडदा उघडून मी तक्ते हाताने तयार केले आणि थकीत पुस्तकांची यादी हाताने लिहिलेल्या क्वेरीने काढली. जँगोमध्ये हीच यादी वाचनालयात उघडायला इतका वेळ घेत असे की बाई ते पान उघडायला सांगून चहा करायला जात. यादीत तीनशेच्या आसपास नोंदी असत. प्रत्येक नोंदीपुढे वाचकाचे आणि पुस्तकाचे नाव दाखवताना मी टेम्प्लेटमध्ये नुसते टिंब देऊन पुढचे नाव लिहिले होते, आणि त्या प्रत्येक टिंबामागे डेटाबेसकडे एक स्वतंत्र फेरी होत होती. यादीसाठी एक, वाचकांसाठी तीनशे, पुस्तकांसाठी तीनशे, अशा सहाशे एक क्वेऱ्या. माझ्या लॅपटॉपवर बारा नोंदी होत्या, तेव्हा पंचवीस क्वेऱ्या होत आणि त्या डोळ्याला जाणवत नसत. यावरचे उत्तर मला आधीच सापडले होते: ‘सिलेक्ट रिलेटेड’ लावा. मी ते लावले होते आणि यादीचा वेग वाढलाही होता. मग तेच औषध मी पुस्तकांच्या लेखकांनाही लावले, तेव्हा चूक आली, आणि ती का आली हे मला समजले नाही. जॉइन, म्हणजे दोन तक्ते जोडणारी क्वेरी, हाताने लिहिल्यावर समजले. एका नोंदीला एकच वाचक असतो, म्हणून त्याला त्याच ओळीत जोडून आणता येते. एका पुस्तकाला मात्र अनेक लेखक असू शकतात आणि एका लेखकाची अनेक पुस्तके, त्यामुळे त्यांना दुसऱ्या क्वेरीने वेगळे आणून पायथनमध्ये जुळवावे लागते. जँगोमध्ये त्यासाठी ‘प्रीफेच रिलेटेड’ आहे. दोन्ही आज्ञांची नावे मला आधीपासून माहीत होती. त्यांच्याखाली काय चालते ते माहीत नव्हते, म्हणून एक लागू पडली तो योगायोग होता आणि दुसरी पडली नाही तेव्हा मी हतबल झालो.

दोन खिडक्यांचा घोळही इथेच उमगला. एका रविवारी एकच प्रत दोन वाचकांच्या नावे लागली होती. माझा कोड आधी प्रत उपलब्ध आहे का ते वाचत होता आणि मग ती दिल्याची नोंद करत होता. या दोन क्रियांच्या मधल्या क्षणात दुसऱ्या खिडकीनेही ती उपलब्ध असल्याचे वाचले होते. मी कोडमध्ये तपासणी वाढवत गेलो होतो, म्हणजे तोच मधला क्षण आणखी लांबवत होतो. ट्रान्झॅक्शन (अनेक क्रिया एकसंध म्हणून पार पाडणे) आणि कुलूप (काम होईपर्यंत नोंद इतरांसाठी अडवणे) या कल्पना समजल्यावर मी शेवटी डेटाबेसलाच नियम घालून दिला की परतीची तारीख नसलेली एका प्रतीची एकापेक्षा जास्त नोंद स्वीकारायची नाही. जँगोत अशी अट मॉडेलमध्ये दोन-तीन ओळींत लिहिता येते.

तिसरा टप्पा मला सगळ्यांत जास्त आवडला. पायथनच्या सॉकेटने, म्हणजे नेटवर्कवरून बोलण्याच्या मूळ साधनाने, एक पोर्ट (संगणकाचे क्रमांक दिलेले दार) उघडायचा, ब्राउझरमधून त्या पत्त्यावर जायचे आणि पलीकडून काय येते ते जसेच्या तसे छापायचे. काहीतरी गूढ, सांकेतिक भाषा दिसेल अशी माझी अपेक्षा होती. आला तो सरळ वाचता येणारा मजकूर. पहिल्या ओळीत काय हवे ते, खाली ब्राउझरची स्वतःविषयीची माहिती, मग एक रिकामी ओळ. मी एकदाच पान मागितले होते आणि विनंत्या मात्र दोन आल्या. माझ्या हातून काहीतरी चुकले असे समजून मी अर्धा दिवस घालवला. दुसरी विनंती टॅबवर दिसणाऱ्या छोट्या चिन्हासाठी असते आणि ती ब्राउझर आपणहून करतो, हे कळल्यावर हसू आले. पुढे एक फॉर्म करून पासवर्ड भरला, तर तो त्या मजकुरात उघडा, साध्या अक्षरांत समोर आला, आणि पत्त्यातल्या एचटीटीपीपुढचा एस कशासाठी असतो हे कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

मुख्य गोष्ट अशी कळली की प्रत्येक विनंती अनोळखी माणसासारखी येते. मागच्या विनंतीची तिला काही आठवण नसते. लॉग इन झालेला वाचक ओळखता यावा म्हणून सर्व्हर त्याच्या हाती कुकीचा बिल्ला देतो आणि ब्राउझर तो प्रत्येक फेरीत न सांगता परत दाखवतो. ही ‘न सांगता’ गोष्ट समजली, तेव्हा जँगो फॉर्ममध्ये सीएसआरएफ टोकन का मागतो ते समजले. दुसऱ्याच कोणा संकेतस्थळाने वाचकाच्या ब्राउझरला आपल्या पत्त्यावर फॉर्म पाठवायला लावला तर बिल्ला सोबत जाऊ शकतो, म्हणून बिल्ल्याखेरीज आणखी एक खूण लागते. वाचनालयाच्या प्रणालीत एका पानावर ४०३ ही चूक आली होती, तेव्हा मी ती तपासणीच बंद करून टाकली होती. त्या रात्री मी ती पुन्हा चालू केली.

मराठीपुरता एक दोष मात्र असा होता, ज्याचे तयार उत्तर मला कुठे सापडले नाही. शोधाच्या चौकटीत ‘कऱ्हाड’ लिहिले की त्या नावाची काही पुस्तके येत आणि काही येत नसत, जरी पडद्यावर सगळ्यांची अक्षरे अगदी सारखी दिसत. अक्षर म्हणजे संगणकाला दिसणारे क्रमांक, हे शिकल्यावर मी दोन्ही शब्दांचे क्रमांक छापून पाहिले. अक्षरांना क्रमांक देणाऱ्या युनिकोड या पद्धतीत ऱ ला ०९३१ हा स्वतःचा क्रमांक आहे. तोच ऱ साधा र आणि त्याखाली नुक्ता (अक्षराखालचे टिंब) अशा दोन क्रमांकांनीही लिहिता येतो. आणि ‘ऱ्ह’ मधली ती आडवी खूण र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह असे लिहूनही उमटते. जुनी यादी युनिकोडपूर्व फॉन्टमधून रूपांतरित केलेली होती, नवी नोंद फोनवरून होत होती, आणि एकाच दिसण्यामागे तीन वेगळ्या लेखनांचे क्रमांक साठले होते. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोन लेखनांना एकरूप करते, तिसऱ्याला करत नाही; त्यासाठी मला स्वतः अदलाबदल करणारे छोटे फंक्शन लिहावे लागले. दऱ्या, वाऱ्या, ऱ्हास, कऱ्हाडे हे शब्द आपल्या भाषेत काही दुर्मीळ नाहीत, तेव्हा मराठीसाठी काम करणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटणारच. फ्रेमवर्क कॅन्सासमध्ये जन्मले, त्याने कऱ्हाडची काळजी घ्यावी ही अपेक्षा मी ठेवत नाही.

कॅन्सासचा उल्लेख आलाच आहे तर जँगोच्या जन्माविषयी सांगतो, कारण तो वाचल्यावर माझ्या मनातला एक गैरसमज गेला. लॉरेन्स या शहरातील ‘लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड’ या वृत्तपत्राच्या वेब विभागात एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ मध्ये पीएचपी ही भाषा सोडून पायथन धरले. बातमीदारीच्या धबडग्यात नवी पाने तासांच्या मुदतीत उभी करावी लागत आणि प्रत्येक वेळी तेच ते काम पुन्हा करावे लागे. ते पुनरावृत्तीचे काम त्यांनी बाजूला काढत नेले, त्याचे फ्रेमवर्क झाले आणि २००५ च्या जुलैमध्ये ते सर्वांसाठी खुले केले. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाच्या नावावरून त्याला जँगो हे नाव पडले. ज्यांनी ते काम हाताने करून कंटाळा अनुभवला होता, त्यांनी तो कंटाळा वाचवण्यासाठी हे साधन घडवले. मला तो कंटाळा कधी आलाच नव्हता, म्हणून साधन नेमके काय वाचवते हे मला दिसत नव्हते आणि सगळे जादूसारखे वाटत होते. तोच कंटाळा चार महिने पोटभर अनुभवून मी जँगोकडे परतलो, तेव्हा मी त्याचा स्रोत, म्हणजे मूळ कोड, उघडून वाचू लागलो. क्लासच्या रूपात लिहिलेल्या व्ह्यूच्या मागे शेवटी एक साधे फंक्शनच असते, ते विनंती घेते आणि प्रतिसाद देते, हे त्या स्रोतात शोधून काढले तो दिवस मला पहिल्या ॲडमिनच्या दिवसाइतकाच लख्ख आठवतो.

मग आधी काय शिकावे? ‘पाया आधी’ म्हणणाऱ्यांच्या बाजूने मी पूर्णपणे उभा राहू शकत नाही, कारण वाचनालयाची प्रणाली मोडली नसती तर ट्रान्झॅक्शन, जॉइन किंवा द्विमान अपूर्णांक माझ्या डोक्यात पाच आठवड्यांच्या लिंक्ड लिस्टसारखेच विरून गेले असते. प्रत्येक उत्तराला आधी प्रश्न मिळाला होता म्हणून ती टिकली. ‘थेट फ्रेमवर्क’ म्हणणाऱ्यांना मात्र मी एवढे विचारतो की तुमच्या चुकांची किंमत कोण मोजणार आहे. माझ्या बाबतीत ती पावत्या ताडून पाहणाऱ्या बाईंनी मोजली. माझ्या मते फ्रेमवर्कला हात लावण्याआधी थोड्याच गोष्टी याव्यात, पण त्या खरोखर याव्यात: फंक्शनला काय दिले, त्याने काय परत केले आणि मधली वस्तू किती काळ जगली हे सांगता येणे, चूक आली की उमटणारा मजकूर पूर्ण वाचता येणे, एक एचटीटीपी विनंती डोळ्यांनी पाहिलेली असणे, आणि दोन तक्त्यांची जोड हाताने लिहिता येणे. याला दोन महिने पुरतात, आणि त्या काळात कंटाळा येऊ लागला तर शेवटच्या आठवड्यात जँगो उघडून ॲडमिन पाहून घ्यायला माझी हरकत नाही. कुलपे, वेग, सुरक्षा आणि युनिकोडचे बारकावे त्यानंतर, स्वतःच्या मोडक्या प्रणालीवर शिकावेत, मात्र ती प्रणाली तोवर दुसऱ्या कोणाच्या खिडकीवर बसवू नये.

माझी मामेबहीण गेल्या महिन्यापासून हे शिकते आहे. तिला मी देवघेवीची वही मजकुराच्या फाइलमध्ये ठेवायला लावली, तेव्हा ‘दादा, हे सगळे जँगो एका ओळीत करतो म्हणे’ असे ती रोज ऐकवत होती. परवा ती सॉकेटपर्यंत पोहोचली. रात्री साडेदहाला तिचा फोन आला की मी पान एकदाच मागितले आहे, पण विनंत्या दोन आल्या आहेत, आणि माझा कोड तर बरोबर दिसतो. दुसरी विनंती काय मागते आहे ते छापून बघ, एवढेच मी तिला सांगितले.